शिकारी मासे आणि अर्धी माहिती

शाळेत काचेच्या टाकीत मासे पाळण्याची पद्धत आता आपल्याकडे बरीच रुळली आहे. जीवशास्त्राच्या अध्यापनाला तिचा चांगला उपयोग होतो. मात्र या टाक्यांमधली वस्ती बदलते आहे. गोल्डफिश, गप्पी, मॉली यांच्या जोडीला, आणि पुष्कळदा त्यांच्या जागी, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, ॲरोवाना असे भक्षक मासे येऊ लागले आहेत. मुलांना शिकारी प्राण्यांचे आकर्षण असते आणि विक्रेत्यांना ते ठाऊक असते. या माशांबरोबर त्यांच्या निगेची माहितीही येते. दुकानातली पत्रके, छोट्या पुस्तिका, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतले लेख असे तिचे स्वरूप असते, आणि त्यावर बहुधा 'नवशिक्यांसाठी' असा शब्द असतो.

या लेखात अशा माहितीचे परीक्षण करायचे आहे. कोणा एका लेखकाला दोष देण्याचा हेतू नाही, कारण तीच चार विधाने थोड्याफार फरकाने सगळीकडे आढळतात. एक, 'एका गॅलनला एक इंच मासा' हे प्रमाण ठेवावे. दोन, मासा टाकीच्या मापानेच वाढतो. तीन, ऑस्करसारखे मासे काटक असल्यामुळे नवशिक्याला सोयीचे. चार, शिकारी माशाला जिवंत मासे खायला घालावेत. ही विधाने तपासायला शाळेतले गणित आणि रसायनशास्त्र पुरेसे आहे, म्हणून ती शिक्षकांपुढे ठेवतो.

आधी या पुस्तिकांचे श्रेय त्यांना द्यायला हवे. टाकीवर झाकण असावे, नळाचे पाणी क्लोरीन घालवल्याशिवाय वापरू नये, पाण्याचे तापमान एकदम बदलू नये, उरलेले अन्न काढून टाकावे, हे त्या नीट सांगतात. चूक होते ती माशाच्या आकाराचा आणि अन्नाचा प्रश्न आला की.

एक इंच, एक गॅलन

उदाहरणासाठी ऑस्कर घेऊ. हा ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला मासा. त्याचे शास्त्रीय नाव ॲस्ट्रोनोटस ओसेलॅटस. शेपटीच्या मुळाशी नारिंगी कडा असलेला डोळ्यासारखा ठिपका असतो, त्यावरून 'ओसेलॅटस' हे नाव पडले. दुकानात तो विकला जातो तेव्हा जेमतेम ५ सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच लांबीचा असतो. चांगल्या पाण्यात आणि पोटभर अन्नावर तो ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूट होतो, आणि दहा वर्षे किंवा त्याहून जास्त जगतो.

आता पुस्तिकेचा नियम लावून पाहू. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा नेहमीच्या टाकीत सुमारे ५७ लिटर, म्हणजे १५ अमेरिकी गॅलन पाणी मावते. नियमाप्रमाणे तिच्यात १५ इंच 'मासा' ठेवता येईल. एक फुटाचा ऑस्कर त्यात आरामात बसतो, शिवाय तीन इंच शिल्लक राहतात! पण टाकीची रुंदी एक फूट आणि माशाची लांबीही एक फूट. या माशाला धड वळताही येणार नाही.

नियम कुठे फसतो हे नववीच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. दोन इंची सहा मासे आणि एक फुटाचा एक मासा यांची लांबी सारखीच भरते. पण आकार तसाच राहून लांबी सहापट झाली तर घनफळ आणि वजन सहाच्या घनाइतके, म्हणजे २१६ पट होते. तीन ग्रॅमचे पिल्लू साडेसहाशे ग्रॅमच्या आसपासचा मासा बनते. लांबी सारखी असली तरी त्या एका माशाचे वजन सहा पिल्लांच्या एकत्रित वजनाच्या ३६ पट असते. चयापचय वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, हे खरे आहे. माशांमध्ये तो साधारणपणे वजनाच्या ०.८ या घाताच्या प्रमाणात वाढतो. ही सवलत दिली तरी त्या एका माशाचा प्राणवायूचा खप सहा पिल्लांच्या मिळून सुमारे बारापट येतो. हा नियम लहान माशांसाठी ढोबळ अंदाज म्हणून चालतो. शिकारी माशांना तो लावणे म्हणजे लांबी मोजून वजन सांगणे होय.

टाकीच्या मापाचा मासा

दुसरे विधान पहिल्यावरचा उतारा म्हणून येते. टाकी लहान असेल तर मासाही लहानच राहील, तेव्हा काळजीचे कारण नाही, असे सांगितले जाते. यात निरीक्षण खरे असते, निष्कर्ष मात्र उलटा काढलेला असतो. कोंदट टाकीत मासा खुंटतो हे बरोबर. साठत जाणारी उत्सर्जित द्रव्ये, अपुरा प्राणवायू, अपुरे अन्न आणि सततचा ताण यांमुळे वाढ मंदावते. कुपोषित मुलाची उंची कमी राहिली तर ते मूल घराच्या मापाने वाढले, असे आपण म्हणत नाही. शिक्षकांना तर वाढीचे तक्ते चांगले परिचयाचे असतात. वाढ खुंटणे हे अनुकूलन नसून आजाराचे लक्षण आहे, हे या एका उदाहरणावरून वर्गात नीट समजावता येईल.

'काटक' या शब्दाचा अर्थ

तिसरे विधान सर्वांत महत्त्वाचे. ऑस्कर काटक आहे हे खरेच आहे. ॲमेझॉनच्या पूरमैदानातल्या उथळ पाण्यात रात्रीच्या वेळी विरघळलेला प्राणवायू जवळपास संपतो. ऑस्कर आपला चयापचय कमी करून अशा पाण्यात तासन् तास तग धरतो. पण ही क्षमता रात्रीपुरत्या संकटासाठी आहे. सकाळी सूर्य उगवतो, वनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण सुरू होते आणि प्राणवायू परत येतो. घाणेरड्या टाकीत अशी सकाळ उजाडत नाही. मासा काटक आहे याचा अर्थ तो मरायला वेळ लावतो, एवढाच. तो बरा आहे असा त्याचा अर्थ होत नाही. नवशिक्याच्या दृष्टीने हा तोटाच म्हणायला हवा, कारण चूक झाल्याचे त्याला आठवड्यात कळण्याऐवजी वर्षाने कळते.

पाण्यात नेमके काय होते, याचा हिशेब मांडू. साडेसहाशे ग्रॅमच्या माशाला आपण दिवसाला ५ ग्रॅम कोरडे खाद्य देतो असे धरू. त्यात ४० टक्के प्रथिने असली तर २ ग्रॅम प्रथिने झाली. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ३२० मिलिग्रॅम. त्यातला निम्मा शरीराच्या वाढीत आणि विष्ठेत गेला आणि निम्मा अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांतून बाहेर पडला असे समजू. तो होतो १६० मिलिग्रॅम. खडी आणि दगड वजा जाता आपल्या टाकीत ५० लिटर पाणी उरते. म्हणजे एका दिवसात दर लिटरमागे ३.२ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनची भर पडते.

हा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, अमोनियम आयन आणि मुक्त अमोनिया. अपाय मुख्यतः मुक्त अमोनियाने होतो. २५ अंश सेल्सियस तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर भाग मुक्त असतो. पीएच ८ झाला की हाच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. लिटरला काही शतांश मिलिग्रॅम इतका मुक्त अमोनियाही दीर्घकाळ राहिला तर कल्ल्यांना इजा होते. आपल्या उदाहरणात पीएच ८ ला एका दिवसातच तो ०.१७ मिलिग्रॅमवर पोचतो. दख्खनच्या पठारावर विहिरींचे आणि बोअरचे पाणी बहुधा अल्कधर्मी असते, हे लक्षात घेतले तर याचे गांभीर्य कळेल. तेच खाद्य, तोच मासा, तीच टाकी; पण मऊ पाण्याच्या गावात तो निभावतो आणि खारट विहिरीच्या गावात आजारी पडतो. 'पाणी स्वच्छ ठेवावे' या एका वाक्यात हे काहीच येत नाही. हे पाणी काचेसारखे नितळ असू शकते.

अमोनियाचा निचरा जिवाणू करतात. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि काही नायट्राइटचे नायट्रेट. हे काम करणारे जिवाणू विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे केले. पुस्तिकांत अजूनही नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी छापली जाते. पण गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्राइटचे काम मुख्यतः नायट्रोस्पिरा गटाचे जिवाणू करतात, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. पुढे २०१५ मध्ये, अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्याने करणारे नायट्रोस्पिराही सापडले. त्यांतले काही मत्स्यपालनाच्या गाळणयंत्रणेतून मिळाले होते. पुस्तिकेतले नाव जुने असले तर फारसे बिघडत नाही. पण तिच्यातली कृती या जिवाणूंची दखलच घेत नाही, हे मात्र बिघडते. 'नवी टाकी भरून दोन दिवस ठेवा आणि मग मासा सोडा' असा सल्ला असतो. दोन दिवसांत क्लोरीन जाईल, पण जिवाणूंची वसाहत जमायला तीन ते सहा आठवडे लागतात. आणखी एक सल्ला असतो, गाळणीचा स्पंज दर आठवड्याला नळाखाली खळखळून धुण्याचा. क्लोरीनच्या पाण्याने ज्यांना मारायचे तेच आपले सफाई कामगार आहेत, हे सांगायचे राहून जाते. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळावा, एवढे एक वाक्य घातले तरी पुष्कळ मासे वाचतील.

गाळणी उत्तम चालली तरी हिशेब संपत नाही. नायट्रोजन कुठे नाहीसा होत नाही. तो नायट्रेटच्या रूपाने साठत जातो. १६० मिलिग्रॅम नायट्रोजनपासून सुमारे ७१० मिलिग्रॅम नायट्रेट होते, म्हणजे ५० लिटर पाण्यात रोज लिटरला १४ मिलिग्रॅमची भर. माणसाच्या पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने ४५ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. ही टाकी तीन-साडेतीन दिवसांत ती ओलांडते. मासे याहून जास्त नायट्रेट सहन करतात, पण वेग किती आहे याची कल्पना यावरून येईल.

मग चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी मोठी टाकी घेतली तर? तिच्यात साधारण २३० लिटर पाणी राहते. आठवड्याला निम्मे पाणी बदलत गेल्यास नायट्रेटची पातळी, पाणी बदलण्याच्या आधी मोजली तर, ४४ मिलिग्रॅमच्या आसपास स्थिरावते. हे निम्मे पाणी म्हणजे आठवड्याला ११५ लिटर, सात-आठ हंडे. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथल्या शाळेने एका माशासाठी एवढे पाणी ओतावे का? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक शाळेने स्वतः द्यावे. पण हा प्रश्न आहे हे मासा घेण्याआधी कळायला हवे, आणि नवशिक्यांसाठीच्या कोणत्याही पुस्तिकेचे ते पहिले काम आहे.

जिवंत खाद्य

शिकारी माशाला जिवंत मासेच हवेत, हे चौथे विधान. निसर्गात ऑस्कर लहान मासे खातो, तसेच कीटक, झिंगे, गोगलगायी आणि काही प्रमाणात वनस्पतिजन्य पदार्थही खातो. सवय लावली की तो कोरडे खाद्य आणि कोळंबीचे तुकडे आनंदाने खातो. उलट रोज स्वस्त गोल्डफिश खाऊ घालण्यात दोन धोके आहेत. गोल्डफिशच्या शरीरात थायमिनेज हे विकर असते. ते ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करते, त्यामुळे केवळ असे मासे खाणाऱ्याला त्या जीवनसत्त्वाची उणीव जाणवू लागते. शिवाय गर्दीच्या टाक्यांतून आणलेल्या माशांबरोबर पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासारखे परजीवी रोग येतात.

याचे समर्थन 'मुलांना शिकार पाहायला मिळते' असे केले जाते, म्हणून शैक्षणिक बाजूही तपासू. गॉज या रशियन शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. त्याने एका भांड्यात पॅरामेशियम आणि त्याला खाणारा डिडिनियम हे एकपेशीय जीव एकत्र ठेवले. साध्या भांड्यात डिडिनियमने सगळे भक्ष्य संपवले आणि मग तोही उपाशी मेला. तळाशी लपायला गाळ ठेवला तेव्हा काही पॅरामेशियम वाचले. भक्षक आणि भक्ष्य यांचे नाते समजायचे तर लपायची जागा, शोधायला लागणारा वेळ आणि हुकलेले हल्ले यांना महत्त्व आहे. उघड्या काचेच्या टाकीत हातभर अंतरावरून सोडलेला गोल्डफिश गिळला जातो, तेव्हा मुलांना यातले काहीच दिसत नाही.

शिकारी असल्याची बतावणीही होते. 'पिराना' म्हणून विकली जाणारी लाल पोटाची पिल्ले पुष्कळदा पाकू या माशाची असतात. हाच मासा आपल्या मासळी बाजारात रूपचंद म्हणून येतो. पिरानाचे दात त्रिकोणी आणि धारदार असतात. पाकूचे दात दाढांसारखे चपटे असतात, कारण तो फळे आणि बिया फोडून खातो. बाजारातून एक रूपचंद आणून मुलांना त्याचे दात दाखवावेत. दातांवरून आहार ओळखण्याचा पाठ होईल आणि पाटीवर लिहिलेले तपासून घेण्याचाही.

जे लिहिलेले नसते

या पुस्तिकांत मासा आणण्याचे प्रकरण असते, पण तो डोईजड झाल्यावर काय करावे याचे नसते. एक फुटाचा मासा दुकानदार परत घेत नाही, मारवत नाही, मग तो 'मुक्त' केला जातो. जवळच्या तळ्यात किंवा नदीत सोडण्याला पुण्यकर्म समजणारेही आहेत. पनामातील गाटून सरोवरात १९६७ च्या सुमारास सिक्ला हा शिकारी मासा खासगी तळ्यातून निसटून पोचला. तिथले पूर्वी विपुल असलेले बहुतेक मासे त्याने काही वर्षांत नाहीसे केले. त्याचा परिणाम माशांवर जगणारे पक्षी आणि डासांच्या अळ्यांपर्यंत कसा पोचतो, हे झॅरेट आणि पेन या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये दाखवले. फ्लोरिडात ऑस्कर स्वतः उपरा म्हणून स्थिरावला आहे. आपल्याकडे केरळात २०१८ च्या महापुरानंतर अरापाइमा आणि ॲलिगेटर गार हे परदेशी शिकारी मासे नद्यांत सापडले. ॲलिगेटर गार २०२३ मध्ये भोपाळच्या तलावात आणि श्रीनगरच्या दल सरोवरातही मिळाला. एकेक मासा सापडला म्हणजे तो तिथे रुजला असे नव्हे. पण पश्चिम घाटातल्या नद्यांमध्ये जगात अन्यत्र कुठेही नसलेल्या माशांच्या कितीतरी जाती आहेत. त्यांच्या बाबतीत असा प्रयोग करून पाहण्याची चैन परवडणारी नाही.

एक चांगला दाखला आणि त्याची मर्यादा

नवशिक्यासाठी कसे लिहावे याचा दाखला हवा असेल तर कोनराड लोरेन्झ यांचे 'किंग सॉलोमन्स रिंग' हे पुस्तक पाहावे. मूळ जर्मन पुस्तक १९४९ चे, इंग्रजी भाषांतर १९५२ चे. त्यात मत्स्यालयावरच्या प्रकरणात ते वाळू, थोड्या पाणवनस्पती आणि मोजके लहान जीव एवढ्यावर चालणारी टाकी वर्णन करतात, आणि आणखी एक मासा सोडण्याच्या मोहापासून सावध करतात. पुढच्या प्रकरणात ते शिकारीचे चित्र रंगवतात, पण शिकारी असतात पाणभुंगेऱ्याची आणि चतुराची अळी. टाकीच्या मापाचा शिकारी निवडणे, ही गोष्ट त्यांना नेमकी साधली आहे. मर्यादा अशी की त्यांची समतोल टाकी मोठ्या भक्षकाला लागू पडत नाही. त्याचे अन्न बाहेरून येते, म्हणून त्याची घाणही बाहेरच न्यावी लागते. लोरेन्झ वाचून ऑस्कर आणला, तर तो समतोल पहिल्याच आठवड्यात मोडेल.

शाळेने शिकारी मासे पाळूच नयेत असे मला म्हणायचे नाही. ॲप्लोकायलस या प्रजातीतले आपल्याकडचे मासे पाहा. कपाळावर चमकता ठिपका असलेले, पृष्ठभागालगत तरंगणारे हे मासे जातीनुसार ५ ते १० सेंटिमीटर वाढतात. डासांच्या अळ्या आणि पाण्यावर पडलेले कीटक हे त्यांचे आवडते अन्न. दोन फुटी टाकीत असे चार मासे, भरपूर पाणवनस्पती आणि घट्ट झाकण (ते चांगल्या उड्या मारतात) एवढे पुरते. चौघांचे मिळून वजन काही ग्रॅमच भरते, त्यामुळे वरचा सगळा हिशेब शेकडा पटींऐवजी चिमटीत मावतो. वीस अळ्या मोजून सोडाव्यात, दहा मिनिटांनी उरलेल्या मोजाव्यात, मग वनस्पती काढून तोच प्रयोग करावा. मुलांना गॉजचा धडा स्वतःच्या वहीत सापडेल. मासे ओढ्यातून आणले असतील आणि बाजारातल्या माशांशी त्यांचा संपर्क आला असेल, तर मात्र ते परत ओढ्यात सोडू नयेत. रोग त्याच वाटेने जातात.

यापुढे माशांवरची कोणतीही पुस्तिका हाती आली की तिला पाच प्रश्न विचारावेत. पूर्ण वाढलेल्या माशाची लांबी आणि वजन दिले आहे का? तो किती वर्षे जगतो? दर आठवड्याला किती लिटर पाणी बदलावे लागेल? वीज आठ तास गेली तर गाळणीचे काय होईल? आणि मासा नकोसा झाला तर तो कुठे जाईल? पाचही उत्तरे नसतील तर ती पुस्तिका विक्रीसाठी लिहिली आहे, असे समजायला हरकत नाही. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडून हे परीक्षण करून घेता येईल. त्याला टाकीसुद्धा लागत नाही.